हात न लावता हत्ती बघायचा म्हणजे काय?

माझा भाचा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आहे. लग्नाला सहा महिने झाले, आता दोघं थायलंडला निघालेत. परवा तो मोबाइलवर पॅकेज दाखवायला घरी आला. फुकेत, बोटीची सफर, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 'एथिकल एलिफंट सँक्चुअरी'. हत्तींना केळी भरवा, त्यांच्याबरोबर चिखलात लोळा, नदीत आंघोळ घाला. जेवण आणि फोटो धरून अर्धा दिवस.

"मामा, एथिकल लिहिलंय बघा. आता तुम्ही काय बोलायचं नाही."

२०२५च्या जुलैपासून आमच्या घरात हत्तीचा विषय निघाला की ताटातलं जेवण गार होतं. आमच्या जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची हत्तीण महादेवी, म्हणजे माधुरी, आधी उच्च न्यायालयाच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जामनगरला वनतारा या खासगी प्राणी केंद्रात गेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली, तीत हा भाचा चालत होता. मी नव्हतो. १९९२पासून गावात असलेली हत्तीण निघाली तेव्हा माणसं ढसाढसा रडली, त्यात खोटं काही नव्हतं. न्यायालयापुढच्या अहवालांत तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल लिहिलं होतं, मठाचं म्हणणं वेगळं होतं. तो वाद सोडवायला मी इथं बसलेलो नाही. पण त्या दिवसांत मला एक जाणवलं. हत्तीवर आपला जीव किती आहे यावर आम्ही तासन्‌तास भांडत होतो आणि हत्तीचा दिवस कसा जातो, हे आमच्यातल्या एकालाही धड सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. भाच्याला जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो.

सुरुवात त्या पाटीवरच्या शब्दापासून. आपण सँक्चुअरीचं मराठी 'अभयारण्य' करतो आणि डोळ्यांसमोर राधानगरी येतं. राधानगरीचं दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं. त्यामागं कायदा आहे, अधिसूचना आहे, हद्द आहे, वनखातं आहे. पर्यटनाच्या धंद्यातली 'एलिफंट सँक्चुअरी' ही यातलं काहीच नसू शकते. ती बहुतेक वेळा खासगी जागा असते, हत्ती कुणाच्या तरी मालकीचे किंवा भाड्यानं आणलेले असतात, आणि पाटीवर काय लिहायचं ते मालक ठरवतो. थायलंडमध्ये तर माणसाळलेला हत्ती १९३९च्या एका जुन्या कायद्याखाली ओझ्याच्या जनावरात मोडतो. घोडा, बैल, तसा हत्ती. त्याची खरेदी-विक्री होते. आपल्याकडं हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, विकता येत नाही, बाळगायचा तर मालकीचा दाखला लागतो. थोडक्यात, 'सँक्चुअरी' आणि 'एथिकल' हे दोन्ही शब्द फुकट मिळतात. 'घरगुती चव' लिहिलेल्या खानावळीत आपण आधी आत डोकावतो ना, तसंच इथंही डोकवावं लागतं.

आत डोकवायचं म्हणजे हत्तीचा दिवस बघायचा. जंगलातला हत्ती चोवीसपैकी चौदा-सोळा तास खात असतो. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास गवत, बांबू, साली, फांद्या. पाच-सहा म्हशींची वैरण एकट्याच्या पोटात. त्यातलं निम्म्याहून कमीच पचतं, म्हणून पुन्हा खायचं. खाता खाता चालायचं, कारण एका जागी एवढं खाणं उगवत नाही. पाणी प्यायचं, अंगावर माती उडवायची, झाडाला पाठ घासायची. झोप जेमतेम तीन-चार तास. हत्तिणी कळपात राहतात: आई, मावशी, आजी, पिल्लं, आणि पुढं चालणारी एक जाणती म्हातारी. एकमेकींशी त्यांचं जे बोलणं चालतं, त्यातलं बरंचसं इतक्या खालच्या पट्टीतलं असतं की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, आणि ते लांबवर पोचतं. (मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं हत्ती उभा केलेला मी बघितलाय. त्याच्या कानांचं काय होत असेल याचा विचार तेव्हा केला नव्हता.)

आता हाच हत्ती दहा फुटांच्या साखळीला बांधून सिमेंटच्या कोब्यावर उभा करा. पहिल्यांदा पाय जातात. एवढं मोठं जनावर खरं तर बोटांच्या टोकांवर उभं असतं, टाचेखाली चरबीची जाड गादी असते. माती, वाळू, चिखल यांत ही गादी झिजते आणि नव्यानं भरते. कठीण, ओल्या, शेणामुताच्या जमिनीवर तळवा भेगाळतो, नखं वाढतात, चिरतात, त्यांत पू होतो. बांधलेल्या हत्तींच्या मरणाचं एक मोठं कारण पायच असतात. दुसरं जातं ते मन. आपण देवळापुढचा हत्ती झुलताना बघतो. डावीकडं, उजवीकडं, मान वरखाली, तासन्‌तास. लहानपणी आजी म्हणायची, बघ, भजनाला डोलतोय. डोलत नाही तो. बंदिस्त जनावराला काही करायलाच उरलं नाही की शरीर अशी एकच हालचाल घोटत बसतं. जंगलातल्या हत्तीत ही सवय दिसत नाही.

इथं भाच्यानं अडवलं. "मग बैल पण जुंपतोच की आपण. म्हस बांधतोच की."

प्रश्न रास्त आहे, आणि कोल्हापुरात तो येणारच. बैल हजारो वर्षं माणसानं निवडून निवडून पैदा केलाय. शांत, कामाला तयार, दावणीला राहणारा तोच ठेवायचा, त्याचीच पैदास करायची, असं शेकडो पिढ्या चाललं. हत्तीचं तसं झालंच नाही. हत्तिणीचं गाभणपण वीस-बावीस महिन्यांचं, पिल्लू तीन-चार वर्षं आईला पितं, कामाला यायला दहा-पंधरा वर्षं. एवढं थांबायला राजालाही परवडत नव्हतं. त्यामुळं हत्ती जंगलातून धरूनच आणले जायचे. म्हैसूर संस्थानातल्या काकनकोट्याचा खेडा, म्हणजे कळप हाकत आणून कोंडून धरायचा प्रकार, प्रसिद्ध होता, तिथला शेवटचा १९७१ साली झाला. म्हणजे देवळातला किंवा रिसॉर्टमधला हत्ती कितीही गरीब दिसला, तरी रक्तानं तो जंगली जनावरच आहे. पाळीवपणा त्याच्या जातीत उतरलेला नाही. तो प्रत्येक हत्तीच्या अंगावर नव्यानं बसवावा लागतो.

कसा बसवतात ते वाचवत नाही, पण सांगायला हवं. पिल्लाला आईपासून तोडायचं, लाकडी चौकटीत हलता येणार नाही असं आवळायचं, उपाशी ठेवायचं, झोपू द्यायचं नाही, टोचायचं, मारायचं. माणूस म्हणेल ते करण्यावाचून सुटका नाही, हे त्याच्या डोक्यात बसेपर्यंत. थायलंडमध्ये या जुन्या पद्धतीला फाजान म्हणतात. सगळीकडं इतकंच क्रूर असतं असं नाही, बक्षीस देऊन शिकवणारेही आता आहेत. पण अनोळखी माणूस पाठीवर बसला, अंगाला झोंबला तरी हूं की चूं न करणारा हत्ती दिसला, की हे गरीबपण आलं कुठून, असं विचारायला जागा आहे. अंकुश हे हत्यार पुढं फक्त आठवण करून द्यायला पुरतं. आपल्या गणपतीच्या एका हातात पाश आणि दुसऱ्यात अंकुश असतो, ही दोन्ही हत्तीला ताब्यात ठेवायची साधनं. ती हत्तीच्याच हातात कुणी दिली असतील, याचा मी अधूनमधून विचार करतो.

स्वतःचंही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी केरळच्या सहलीत थेक्कडीला आम्ही तिघं हत्तीवर बसलो होतो. अल्बममध्ये फोटो आहे, मुलगी पुढं, मी मागं, सगळे हसतोय. माहुताचा हात हत्तिणीच्या कानामागं होता आणि मुठीत काहीतरी होतं, हे मला फोटो मोठा करून बघितल्यावर गेल्या वर्षी दिसलं. पाठीचंही तेव्हा माहीत नव्हतं. घोड्याची पाठ आणि हत्तीची पाठ यांत फरक आहे. हत्तीच्या मणक्यांची टोकं वर उभी असतात, त्यांच्यावर जाड स्नायू नसतात. त्यावर लोखंडी बाकडं, वर तीन-चार माणसं, खाली आवळलेले दोर, आणि दिवसभर त्याच गोल वाटेवर फेऱ्या. म्हैसूरच्या दसऱ्यातल्या अंबारीचं वजन साडेसातशे किलो असतं, पण ती वर्षातून एकदा, निवडून तयार केलेल्या हत्तीवर. पर्यटकांची अंबारी रोजची.

सवारी वाईट हे आता बऱ्याच लोकांना कळलंय, आणि म्हणूनच धंद्यानं कूस बदलली. बाकडी उतरवली, आंघोळ आणली. भाच्याच्या पत्रकात 'नो रायडिंग' ठळक अक्षरांत होतं. आंघोळीत वाईट काय? बघायला तर ती मायेची गोष्ट वाटते.

हत्तीला आंघोळ घालावी लागत नाही, हे पहिलं. तो स्वतः पाण्यात जातो, मनात येईल तेव्हा, मनात येईल तेवढा वेळ. बाहेर आल्यावर लगेच अंगावर माती उडवतो, कारण तोच त्याचा उन्हापासूनचा आणि माश्यांपासूनचा लेप. आपण ब्रश घेऊन तो लेप घासून काढतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो. दुसरं, वेळापत्रक. सकाळी नऊची बॅच, अकराची बॅच, दोनची, चारची. प्रत्येक वेळी तोच हत्ती, तेच पाणी, नवी वीस माणसं. पाण्यात त्याला उभं राहावंच लागतं, आणि 'राहावंच लागतं' यासाठी त्याच्या डोक्यातली ती जुनी चौकट शाबूत असावी लागते. सवारी गेली तरी चौकट गेली नाही. तिसरं, आपला जीव. २०२५च्या जानेवारीत दक्षिण थायलंडमधल्या एका बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना तिच्या धक्क्यानं एक स्पॅनिश तरुणी गेली. तीन टनांचं जनावर वैतागून नुसतं वळलं तरी माणूस उरत नाही. आणि चौथं, हत्ती पाण्यात गेला की बहुधा तिथंच लीद टाकतो. फोटोत हे येत नाही. भाचेसुनेनं इथंच नाक मुरडलं, बाकीच्या तीन कारणांची तिला गरज पडली नाही.

केळी भरवण्याचंही तेच. एक माणूस दोन केळी देतो, पण दिवसाला दोनशे माणसं येतात. केळी, ऊस, गूळ हे आपल्या हिशेबात लाडाचे पदार्थ. ऊस हत्तीला किती आवडतो ते आजऱ्या-चंदगडच्या शेतकऱ्याला विचारा. पण त्याचं पोट जाडंभरडं तंतुमय खाण्यासाठी घडलंय. बांधलेल्या, चालणं नसलेल्या हत्तीला दिवसभर गोड दिलं की वजन वाढतं आणि ते पुन्हा त्याच दुखऱ्या पायांवर येतं. शिवाय क्षय. माणसाचा टीबी हत्तीला होतो, हे सिद्ध झालेलं आहे. रोज नव्या दोनशे माणसांच्या श्वासाजवळ सोंड नेणं त्याच्या फायद्याचं नाही.

मग चांगल्या ठिकाणी असतं काय? खरं सांगायचं तर पर्यटकासाठी फारसं काही नसतं. चांगल्या जागेची खूण म्हणून मला हीच सर्वांत जास्त पटते. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९९५पासून हत्तींसाठी एक मोठं आश्रयस्थान आहे. तिथं हत्तींच्या जागेत पर्यटकांना प्रवेशच नाही, हत्ती बघायचे तर कॅमेऱ्यातून घरबसल्या. श्रीलंकेत उडवलवेला अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, तेही १९९५चं. तिथं लांबच्या चौथऱ्यावर बसून दूध पाजण्याच्या वेळी पिल्लं बघायची, हात लावायचा नाही, कारण मोठी झाल्यावर ती पिल्लं जंगलात सोडायची असतात आणि माणसाची सवय लागली तर सोडता येत नाहीत. नैरोबीतलं हत्तीच्या पिल्लांचं अनाथालय लोकांना दिवसातून एक तास उघडतं. थायलंडमधल्याच चियांग माईजवळच्या एलिफंट नेचर पार्कमध्ये पूर्वी पर्यटक हत्तींना आंघोळ घालायचे, पुढं त्यांनी स्वतःहून ते बंद केलं. उत्पन्न देणारी गोष्ट आपल्या हातानं बंद करणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आपल्या देशातलं उदाहरण मथुरेजवळ आहे. आग्रा-मथुरा रस्त्याच्या बाजूला चुरमुरा गावी वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं केंद्र २०१०पासून चालतं, आणि २०१८मध्ये त्याच्या जवळच हत्तींसाठी रुग्णालय झालं. सवारीचे, भिकेला फिरवलेले, सर्कशीतले, वरातीतले हत्ती तिथं येतात. पन्नासेक वर्षं साखळीत काढलेला राजू २०१४ साली तिथंच आला, तेव्हा त्याची बातमी जगभर गेली होती. तिथं वाळूचे ढिगारे केलेले असतात, कारण सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या हत्तीला सपाट जमिनीवर आडवं झालं की उठवत नाही, ढिगाऱ्याला टेकून मात्र निजता येतं. डुंबायला पाण्याची मोठी टाकी असते, त्यात शिरलं की पायांवरचा भार हलका होतो. आणि दातांचं एक ऐका. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा सरकतो. सहावा झिजला की संपलं, जंगलात तो हत्ती उपासमारीनंच जातो. अशा ठिकाणी त्याला बारीक कुट्टी, शिजवलेली खिचडी, दलिया देऊन आणखी काही वर्षं जगवता येतं. आपल्याकडून मथुरा-वृंदावनच्या यात्रेला गाड्या भरभरून जातात. त्यात एक सकाळ सहज बसते. आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागते, आणि बरोबर माहितगार माणूस असतो.

उपचार करताना माणसाला जवळ जावंच लागतं, मग अंकुश न वापरता ते कसं जमतं? यासाठी एक पद्धत आहे. हत्ती जाड गजांच्या एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. लांब काठीच्या टोकाला चेंडू बांधलेला. हत्तीनं सोंडेनं किंवा पायानं चेंडूला स्पर्श केला की खाऊ. हळूहळू तो गजांच्या फटीतून पाय ठेवायला, कान पुढं करायला शिकतो. मग नखं घासतात, रक्त काढतात, जखम धुतात. नको वाटलं तर हत्ती सरळ निघून जातो, आणि त्याला शिक्षा होत नाही. डॉक्टर बादली घेऊन तसाच उभा. एकंदर प्रकार लहान पोराला औषध पाजण्यासारखा, फक्त पोर तीन टनांचं.

साखळी दिसली की जागा वाईट, असा सोपा नियम मात्र करू नका. नर हत्तीला मद येतो तेव्हा कानशिलातून स्राव गळतो आणि काही आठवडे तो कुणाचाच नसतो. ओळखीच्या माहुतालाही तो मारू शकतो. तेवढा काळ त्याला बांधणं किंवा मजबूत कुंपणात वेगळं ठेवणं भाग असतं. शिमोग्याजवळ तुंगेच्या काठी सक्रेबैलूचा वनखात्याचा कॅम्प आहे. जोग बघायला जाणारे बरेच कोल्हापूरकर तिथं सकाळी थांबतात. तो आश्रयस्थान नाही, कामाच्या हत्तींचा तळ आहे. गावात घुसलेला जंगली हत्ती हाकायला असेच शिकवलेले कुमकी हत्ती नेतात. पण अशा कॅम्पमधल्या हत्तींना रात्री पायात लांब साखळी ठेवून जंगलात चरायला सोडतात आणि सकाळी माहूत माग काढत जाऊन आणतात. साखळी आहे, पण रात्र जंगलात आहे. उलट एखाद्या चकचकीत रिसॉर्टमध्ये साखळी दिसत नाही, कारण ती संध्याकाळी सहानंतर, तुम्ही गेल्यावर लागते. दोन्हींत मी सक्रेबैलूला जास्त गुण देईन. फक्त तिथं गेलात तर काठावरून बघा, पोरांना हत्तीला घासायला पाण्यात उतरवू नका.

"एवढंच असेल तर सगळ्यांना जंगलात सोडून द्या की." भाचेसून म्हणाली.

चाळीस वर्षं माणसांत काढलेल्या हत्तिणीला कळप स्वीकारेलच असं नाही. तिला खायचं कुठं, पाणी कुठल्या महिन्यात कुठं, हे शिकवणारी आजी भेटलेली नसते. माणसाची भीती गेलेली असते, म्हणून भूक लागली की ती सरळ गावाकडं वळते. कर्नाटकातून २००२नंतर तिलारी-दोडामार्गच्या बाजूनं उतरलेले जंगली हत्ती चंदगड-आजऱ्यात ऊस आणि भात तुडवतात तेव्हा तिथला शेतकरी पंचनाम्याच्या कागदासाठी किती हेलपाटे घालतो ते जाऊन बघा. तिथं 'टस्कर आला' म्हणताना कुणाच्या आवाजात माया नसते. त्यात आणखी एक माणसाळलेला सोडणं हत्तीवर आणि शेतकऱ्यावर दोघांवर अन्याय. त्यामुळं बहुतेकांसाठी अर्धा रस्ताच उरतो. मोठी जागा, माती, सोबतीला दुसरे हत्ती, डॉक्टर, आणि माणसांची वर्दळ कमी. आपल्या जोतिबाला २००७मध्ये अर्पण झालेला सुंदर हत्ती २०१४ साली न्यायालयाच्या आदेशानं बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला गेला, तोही असाच अर्धा रस्ता होता.

कोल्हापूरला हा विषय लागतो त्याला कारण आहे. आपल्याकडं साठमारी, म्हणजे हत्तीच्या खेळांचं जुनं मैदान आहे, हत्तीमहाल रोड आहे, संस्थानच्या काळापासून हत्ती हा वैभवाचा भाग आहे. अंगणात हत्ती झुलतो म्हटलं की घराणं कळतं. या अभिमानात वाईट काही नाही. पण वैभव आपलं असतं, झुलायचं मात्र त्याला.

पैशाचा मुद्दा राहिला, आणि तो अवघड आहे. 'कुठंच जाऊ नका' असं म्हणून मोकळं होता येत नाही. थायलंडनं १९८९मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली. झाडं वाचली, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत रातोरात बेकार झाले, आणि तेच हत्ती पर्यटनात आले. २०२० साली कोरोनात पर्यटक थांबले तर हत्ती उपाशी पडू लागले. शंभराहून जास्त हत्तींना घेऊन माहूत डोंगरातल्या आपल्या गावांकडं चालत निघाले, कारण तिथं निदान गवत होतं. म्हणजे पर्यटकाच्या पैशावर हत्ती जगतो हे खरंच आहे. तो पैसा कशाचा म्हणून दिला जातो, त्यावर हत्तीचा दिवस ठरतो. आंघोळीचे पैसे दिले तर पाण्यात उभं राहणं हे त्याचं काम होतं. लांबून चरताना बघायचे पैसे दिले तर चरणं हेच त्याचं काम होतं. आणि चरायचं तर त्याला असतंच.

म्हणून बुकिंगआधी विचारायचं. हे हत्ती आधी कुठं होते, प्रत्येकाचं नाव आणि मागचं आयुष्य सांगता येतं का? खऱ्या ठिकाणची माणसं या प्रश्नावर थांबतच नाहीत. नंदा कुठली, चंदा कुठली, कुणाचा कुठला पाय दुखतो, सगळं सांगतात. पिल्लं आहेत का, आणि असली तर कशी आली? आश्रयस्थान पैदास करत नाही. जिथं दर वर्षी फोटोसाठी नवं पिल्लू असतं, तिथं त्याची आई कुठं आहे ते विचारा. रात्री हत्ती कुठं असतात? एका दिवशी किती माणसं घेता? माहूत किती वर्षं त्याच हत्तीबरोबर आहे, त्याला पगार नियमित मिळतो का? माहुताचा प्रश्न लोक विसरतात. पोटाला चिमटा बसलेला माणूस अंगावर धावून येऊ शकणाऱ्या जनावराशी प्रेमानं वागेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पण एकच विचारायला वेळ असेल तर हे विचारा: आम्ही आलो आणि हत्तीला यायचंच नसेल, तर?

आणि ज्यांना हत्ती मनसोक्त बघायचाय त्यांनी खरं तर उन्हाळ्यात कर्नाटकातल्या काबिनीला जावं. एप्रिल-मेमध्ये धरणाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं आणि नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलातून कळपच्या कळप तिथं उतरतात. वनखात्याच्या गाडीत बसायचं, दुर्बीण घ्यायची, तोंड बंद ठेवायचं. आजी पुढं, पिल्लं पोटाखाली, दोन मावश्या बाजूला. एकीनं आपल्याकडं सोंड उंचावून वास घेतला आणि पुन्हा गवतात घातली, एवढं घडलं तरी पैसे वसूल झाले असं मला वाटलं. मुलगी तेव्हा पहिल्यांदा दोन तास मोबाइलला शिवली नाही.

भाच्यानं त्याच रात्री व्हॉट्सॲपवर त्या फुकेतच्या माणसाला तो प्रश्न पाठवला. सकाळी उत्तर आलं, शेवटी हत्तीचं हसरं चित्र: काळजी करू नका सर, आमचे हत्ती नेहमी तयार असतात.

त्यानं मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "मामा, नेहमी तयार तर आमच्या शिफ्टमधलं एक पोरगं पण नसतंय." मग तिसऱ्या दिवसाची ती सकाळ पॅकेजमधून काढायला किती पैसे कापले जातात, ते बघायला त्यानं एजंटाला फोन लावला.